आज्ञावलीतील टिप्पणी

प्रस्तावना

कपाटातील एखादी जुनी वही उघडावी आणि तिच्यात आपल्याच अक्षरातला एक हिशेब सापडावा, असा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी येतो. ‘३५० पैकी १२० वजा, बाकी २३०.’ अंक आपल्याच हातचे असतात, वजाबाकीही बरोबर असते. पण हे १२० कशाचे होते आणि ते वजा का केले, हे काही केल्या आठवत नाही. त्या वेळी शेजारी ‘दळणाचे आगाऊ दिले होते’ एवढे चार शब्द लिहिले असते, तर आज कोडे पडले नसते. हिशेब लिहिताना मात्र ते लिहिण्याची गरज वाटली नव्हती, कारण तेव्हा ते आपल्याला पक्के ठाऊक होते.

संगणकाला काम सांगण्यासाठी जी आज्ञावली लिहिली जाते, तिच्याबाबतीतही असेच घडते. आज्ञावली म्हणजे प्रोग्राम. संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. बँकेतील व्याज, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल, परीक्षेचे गुणपत्रक या साऱ्यांमागे अशा आज्ञावल्या असतात. त्या माणसे लिहितात आणि पुढे वर्षानुवर्षे दुसरी माणसे त्यांत दुरुस्त्या करीत राहतात. आधीच्या माणसाचे मन नंतरच्या माणसाला कळावे, यासाठी आज्ञांच्या शेजारी जो मजकूर लिहिला जातो, त्याला टिप्पणी म्हणतात. संगणकक्षेत्रातील माणसे बोलताना त्यालाच ‘कॉमेंट’ म्हणतात. प्रस्तुत पाठात या छोट्या लेखनप्रकाराचा परिचय करून घ्यायचा आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील.
• टिप्पणी म्हणजे काय आणि ती कोणासाठी लिहितात, हे सांगता येईल.
• ‘काय केले’ आणि ‘का केले’ यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• न लिहिलेल्या व जुन्या झालेल्या टिप्पणीमुळे कोणते नुकसान होते, हे सांगता येईल.
• दैनंदिन कामकाजात नेमकी व उपयुक्त टिप्पणी लिहिता येईल.

मूळ पाठ

१. सूत्र आणि भाष्य

थोडक्यात लिहिलेल्या मजकुराला समजुतीची जोड देण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीने संस्कृत भाषेचे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बांधले. सूत्र जितके आटोपशीर, तितके ते पाठ करायला सोपे. पण केवळ सूत्र वाचून त्याचा अर्थ उलगडत नाही. म्हणून कात्यायनाने वार्तिके लिहिली आणि पतंजलीने ‘महाभाष्य’ लिहिले. हा नियम असाच का, दुसऱ्या शब्दांत का सांगितला नाही, अमुक शब्द गाळला तर काय बिघडते, अशा प्रश्नांची चर्चा भाष्यात येते. मराठीत ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, भगवद्गीतेवर ‘भावार्थदीपिका’ लिहिली. सातशे श्लोकांचा अर्थ उलगडण्यासाठी सुमारे नऊ हजार ओव्या लागल्या.

टीप, टिप्पणी, टीका, भाष्य, शेरा हे सारे शब्द याच कुळातील आहेत. सरकारी कार्यालयात फाइलवर कारकून ‘टिप्पणी’ लिहितो, अधिकारी तिच्यावर ‘शेरा’ मारतो. निर्णय काय झाला हे आदेशावरून कळते. तो का झाला, हे शोधायचे असेल तर टिप्पणी वाचावी लागते.

आज्ञावली ही सूत्रासारखीच आटोपशीर असते. मात्र एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवावा. भाष्य हे बहुधा दुसऱ्या कोणीतरी, नंतरच्या काळात लिहिलेले असते. आज्ञावलीतील टिप्पणी मूळ लेखकानेच आणि शक्यतो लिहितानाच लिहायची असते. कारण त्या आज्ञेमागचे कारण त्या क्षणी फक्त त्यालाच ठाऊक असते.

२. टिप्पणी लिहितात कशी?

टिप्पणी आज्ञावलीच्या आतच लिहितात. मग संगणक तिला आज्ञा समजून गोंधळून जात नाही का? तसे होऊ नये म्हणून प्रत्येक संगणकभाषेत एक खूण ठरवून दिलेली असते. ‘या खुणेपुढचा मजकूर माणसांसाठी आहे, तो सोडून दे,’ असा तिचा अर्थ. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत ओळीच्या पहिल्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर लिहिले की ती ओळ टिप्पणी ठरत असे. कोबोल भाषेत सातव्या रकान्यात तारांकन करीत. १९६४ सालच्या बेसिक भाषेत ‘रेम’ हा शब्द वापरीत. तो ‘रिमार्क’ या शब्दाचा संक्षेप, म्हणजे आपला ‘शेरा’च. अडा भाषेत दोन आडव्या रेघा (--) काढतात, तर आज लोकप्रिय असलेल्या पायथन भाषेत # ही खूण करतात.

आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवताना किंवा चालवताना खुणेपुढचा मजकूर वगळला जातो. त्यामुळे टिप्पणी एका ओळीची असो वा पानभर असो, संगणकाच्या उत्तरात काडीचाही फरक पडत नाही.

याचे एक बोलके उदाहरण १९६९ सालचे आहे. त्या वर्षी अपोलो ११ मोहिमेतील चांद्रयान चंद्रावर उतरले. यानातील संगणकाची कायम स्मृती अवघ्या ३६,८६४ शब्दांची होती. येथे ‘शब्द’ म्हणजे सोळा बिटांचा एक गट. कारखान्यातील कामगार स्त्रियांनी बारीक चुंबकीय कड्यांमधून तारा ओवून ही स्मृती विणली होती. इतक्या अपुऱ्या जागेत टिप्पणीला थारा असणे शक्यच नव्हते. आज्ञा चंद्रावर गेल्या आणि टिप्पण्या अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या छापील कागदांवर मागे राहिल्या. यानाच्या संगणकाला त्यांचा काही उपयोग नव्हता. परंतु ती आज्ञावली आज जे वाचतात, त्यांना वाट दाखवतात त्या याच टिप्पण्या. त्यांत कामाचा तपशील आहे आणि मिस्कीलपणाही आहे. एके ठिकाणी संगणक अंतराळवीराला रडारची अँटेना योग्य स्थितीत वळवायला सांगतो आणि त्याने होकार दिल्यावर पुन्हा तपासणी करतो. त्या तपासणीच्या आज्ञेशेजारी, तो खोटे तर बोलत नाही ना हे पाहू, अशा अर्थाची टिप्पणी आहे. तपासणी पुन्हा का करायची, हे त्या थट्टेतूनही नेमके कळते: माणसाने ‘केले’ म्हटले, तरी यंत्राने खात्री करून घ्यावी.

पाठगत प्रश्न १
(अ) टिप्पणी आणि भाष्य यांत कोणता फरक सांगितला आहे?
(आ) टिप्पणी लांबलचक असली, तरी संगणकाच्या उत्तरात फरक का पडत नाही?

३. ‘काय’ आणि ‘का’

टिप्पणी लिहायची म्हणजे प्रत्येक आज्ञेचे मराठीत भाषांतर करायचे, असा नवशिक्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे. पुढील दोन उदाहरणे पाहा. प्रत्यक्षात आज्ञावल्या सहसा रोमन लिपीत लिहितात. येथे समजण्यासाठी त्या मराठीत दिल्या आहेत.

ओळी = ओळी − १   # ओळींमधून एक वजा करणे

ओळी = ओळी − १   # यादीची पहिली ओळ शीर्षकाची असते; ती विद्यार्थी म्हणून मोजू नये

पहिली टिप्पणी आज्ञेचाच पुनरुच्चार करते. एक वजा केला, हे आज्ञेतच दिसते आहे. दुसरी टिप्पणी आज्ञेत न दिसणारी गोष्ट सांगते. उद्या कोणी शीर्षक नसलेली यादी वापरू लागला, तर ही आज्ञा काढून टाकली पाहिजे, हे तिच्यामुळे त्याच्या ध्यानात येईल. ती नसती, तर दर यादीतील एक विद्यार्थी गुपचूप गळाला असता. आज्ञा ‘काय’ ते सांगते. ‘का’ हे टिप्पणीने सांगावे.

आणखी एक उदाहरण घेऊ.

जर महिना < ४, तर आर्थिक_वर्ष = वर्ष − १

भारतात आर्थिक वर्ष १ एप्रिल रोजी सुरू होते, हे ज्याला माहीत आहे त्याला या आज्ञेचा अर्थ लागेल. जानेवारी ते मार्च हे महिने मागील वर्षात धरायचे, म्हणून एक वजा केला. पण ज्या देशात आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होते, तेथील माणसाला हा ४ कोठून आला हे कळणार नाही. येथे एका ओळीची टिप्पणी पुरेशी आहे. किंबहुना त्याहूनही चांगला मार्ग आहे. त्या चाराला ‘वर्षाचा_पहिला_महिना’ असे नाव द्यावे आणि आज्ञेत आकड्याऐवजी ते नाव वापरावे. मग आज्ञा स्वतःच बोलू लागते. जे योग्य नावातून सांगता येते, ते टिप्पणीवर सोपवू नये. आज्ञा अवघड झाली असेल, तर आधी ती सोपी करून लिहावी; गुंतागुंत तशीच ठेवून तिच्यावर टिप्पणीचे पांघरूण घालू नये.

‘का’ लिहून ठेवण्याची सर्वांत अधिक गरज केव्हा असते? जेथे योग्य आज्ञा चुकीची वाटते, तेथे. चार शतकांच्या नियमाप्रमाणे १९०० हे लीप वर्ष नव्हते. शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेनेही विभाज्य असेल, तरच ते लीप ठरते. तरीही एक्सेल या प्रसिद्ध हिशेबी आज्ञावलीत २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आहे. ही चूक तिच्या आधीच्या लोटस १-२-३ या आज्ञावलीत होती. त्या आज्ञावलीत तयार झालेले हिशेब नव्या आज्ञावलीतही बिनचूक उघडावेत, यासाठी ती जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. कारण ठाऊक नसलेला एखादा तरुण हे पाहील, तर मोठ्या उत्साहाने ‘दुरुस्ती’ करील आणि असंख्य जुन्या हिशेबांतील तारखा एका दिवसाने सरकतील. ‘ही चूक मुद्दाम ठेवली आहे; कारण अमुक’ एवढी एक ओळ त्याचा हात थांबवू शकते.

४. एका न लिहिलेल्या कारणाची किंमत

कारण लिहिलेले नसले तर काय होते, याचा विचार करताना ४ जून १९९६ हा दिवस आठवावा लागतो. त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयाना येथील कुरू तळावरून युरोपीय अवकाश संस्थेचा एरियान ५ हा नवा प्रक्षेपक प्रथमच आकाशात झेपावला. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले ‘क्लस्टर’ मालिकेचे चार उपग्रह त्यात होते. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत, अंदाजे ३,७०० मीटर उंचीवर, प्रक्षेपक मार्गावरून एकदम वळला, मोडला आणि त्याचा स्फोट झाला. त्यात माणूस नव्हता, हे सुदैव. पण अनेक देशांतील शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षांची मेहनत क्षणात राख झाली.

चौकशीत यंत्राचा कोणताही भाग तुटलेला आढळला नाही. दोष आज्ञावलीत होता. प्रक्षेपकाची दिशा व गती मोजणाऱ्या उपकरणातील आज्ञावली आधीच्या एरियान ४ वरून जवळजवळ जशीच्या तशी घेतलेली होती. तेथे ती उत्तम चालली होती. तिच्यात आडव्या दिशेच्या वेगाशी संबंधित एक मोठी संख्या सोळा बिटांच्या लहान घरात बसवली जात असे. त्या घरात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान ५ चा आडवा वेग एरियान ४ च्या पाचपट झपाट्याने वाढत होता. संख्या घरात मावेना, तेव्हा उपकरण बंद पडले. राखीव उपकरणातही तीच आज्ञावली होती, म्हणून तेही त्याच कारणाने बंद पडले होते. बंद पडताना उपकरणाने पाठवलेला दोषाचा संदेश मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून स्वीकारला आणि इंजिनांची तोंडे वळवली.

येथपर्यंतची हकिकत आकड्यांची आहे. आपल्या विषयाशी संबंधित भाग यापुढे येतो. संख्या मावणार नाही, असा धोका सात ठिकाणी आहे, हे मूळ लेखकांना माहीत होते. प्रत्येक ठिकाणी संरक्षण घातले असते, तर उपकरणातील संगणकावर कामाचा भार वाढला असता. म्हणून त्यांनी विचार केला, चार ठिकाणी संरक्षण घातले आणि तीन ठिकाणी घातले नाही. ज्या ठिकाणी ते घातले नाही, तेथील संख्या मोठी होणारच नाही, अशी त्यांची समजूत होती. एरियान ४ साठी ती समजूत खरी होती. निर्णय घाईने किंवा अडाणीपणाने घेतलेला नव्हता. संबंधितांनी मिळून घेतलेला होता. परंतु तो का घेतला, याचा उल्लेख प्रत्यक्ष आज्ञावलीत कोठेही नव्हता. १९ जुलै १९९६ रोजीच्या चौकशी अहवालात हे स्पष्टपणे नोंदवले आहे. कागदपत्रांच्या प्रचंड राशीत ते गृहीत दडून गेले. कोणी मुद्दाम लपवले नाही, पण बाहेरून तपासणाऱ्याच्या नजरेला ते पडणे कठीण होते. आज्ञावलीइतकेच लक्ष तिच्यामागील समर्थनाकडेही द्यावे आणि दोन्ही एकमेकांशी जुळती ठेवावीत, अशी शिफारस त्या समितीने केली.

त्या आज्ञेशेजारी पुढील आशयाची टिप्पणी असती, अशी आपण कल्पना करू.

-- ही संख्या ३२,७६७ च्या पुढे जाणार नाही, असे धरले आहे.
-- हे गृहीत एरियान ४ च्या उड्डाणमार्गावर आधारलेले आहे.
-- प्रक्षेपक किंवा मार्ग बदलल्यास ही आज्ञा पुन्हा तपासावी.

या तीन ओळींनी अपघात निश्चित टळला असता, असे म्हणणे योग्य होणार नाही. एरियान ५ च्या खऱ्या उड्डाणमार्गावर त्या उपकरणाची चाचणी घेतली गेली नव्हती, हेही एक मोठे कारण होते. टिप्पणी चाचणीची जागा घेऊ शकत नाही. पण नवा प्रक्षेपक बांधणाऱ्या एखाद्या अभियंत्याच्या नजरेला ‘एरियान ४’ हे शब्द पडले असते, तर त्याने निदान एक प्रश्न विचारला असता. तो प्रश्न विचारण्याची संधीच कोणाला मिळाली नाही.

या आज्ञावलीची भाषा होती अडा. एडा लव्हलेस या विदुषीच्या नावावरून त्या भाषेला हे नाव मिळाले. १८४३ साली या बाईंनी चार्ल्स बॅबेज यांच्या गणकयंत्रावरील एका फ्रेंच लेखाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला आपल्या टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखाहून कितीतरी मोठ्या झाल्या. आज तो लेख स्मरणात आहे, तो त्या टिपांमुळेच. टिपांमुळे अजरामर झालेल्या स्त्रीचे नाव धारण करणाऱ्या भाषेत एक टीप लिहायची राहून जावी, हा एक दुःखद योगायोग होय.

पुढे क्लस्टरचे उपग्रह नव्याने बांधून २००० साली रशियन सोयूझ प्रक्षेपकांनी सोडण्यात आले. एरियान ५ मध्येही सुधारणा झाल्या आणि तो २०२३ पर्यंत सेवेत राहिला. डिसेंबर २००५ मध्ये आपला इन्सॅट-४ए हा उपग्रह त्यानेच अवकाशात नेला.

पाठगत प्रश्न २
(अ) एक्सेलमधील २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख का काढली नाही?
(आ) एरियान ५ च्या आज्ञावलीत कोणते गृहीत नोंदवलेले नव्हते?

५. जुनी झालेली टिप्पणी

टिप्पणी नसणे वाईट. परंतु खोटी टिप्पणी असणे त्याहून वाईट. टिप्पणी लिहिताना कोणी खोटे लिहीत नाही. ती कालांतराने खोटी होते. हे उदाहरण पाहा.

# रक्कम जवळच्या २५ पैशांपर्यंत पूर्ण करणे
रक्कम = पूर्ण_करा(रक्कम, १ रुपया)

३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याहून कमी किमतीची नाणी चलनातून बाद झाली. तेव्हा कोणीतरी आज्ञा बदलली, पण वरची ओळ तशीच राहू दिली. आता नवा माणूस गोंधळतो. आज्ञा बरोबर आणि टिप्पणी जुनी, की टिप्पणी बरोबर आणि आज्ञा चुकून बदललेली? संगणक टिप्पणी वाचतच नाही. त्यामुळे तो ही विसंगती कधीच दाखवून देणार नाही. गावाचा रस्ता बदलला आणि फाट्यावरची पाटी मात्र जुन्या दिशेलाच बोट दाखवत राहिली, तर पाटी नसती तरी बरे झाले असते, असे वाटसरूला वाटते. म्हणून आज्ञा बदलली की तिची टिप्पणी वाचावी, आणि ती खरी राहिली नसेल तर त्याच वेळी बदलावी किंवा पुसून टाकावी. हे काम उद्यावर ढकलले, तर ते बहुधा होत नाही.

‘हे तात्पुरते आहे’ या टिप्पणीविषयी तर विशेष सावध राहावे. अपोलो ११ च्या आज्ञावलीत दोन ओळींशेजारी ‘तात्पुरते’ असे लिहून पुढे ‘आशा’ या अर्थाचा शब्द तीनदा लिहिलेला आहे. त्या ओळी काही बदलल्या नाहीत. त्या तशाच चंद्रापर्यंत गेल्या! तात्पुरते म्हणून लिहायचेच असेल, तर कोणी, कोणत्या तारखेला, कशासाठी केले आणि ते केव्हा काढावे, हेही लिहावे.

६. टिप्पणीची भाषा

टिप्पणी हे लेखन आहे, हे विसरू नये. चांगल्या लेखनाचे नियम तिलाही लागू होतात. वाक्य लहान आणि पूर्ण असावे. ‘वरीलप्रमाणे’, ‘नेहमीसारखे’ असे मोघम शब्द टाळावेत, कारण वर काय होते आणि नेहमीचे काय होते, हे नंतरच्या वाचकाला ठाऊक नसते. तारीख, एकक आणि नियम स्पष्ट लिहावेत. ‘मुदत ३०’ असे न लिहिता ‘मुदत ३० दिवस, सुट्ट्या धरून’ असे लिहावे. आधीच्या माणसाची कुचेष्टा करू नये. आपल्याला जी चूक वाटते, ती त्याच्या काळातील अडचण असू शकते. गुप्त संकेतशब्द, खातेक्रमांक असा मजकूर टिप्पणीत कधीही लिहू नये. संगणक तो वाचत नसला, तरी ती आज्ञावली ज्याच्या हाती पडेल तो माणूस वाचतोच.

टिप्पणी कोणत्या भाषेत लिहावी? जे लोक ती वाचणार आहेत, त्यांना समजेल त्या भाषेत. अनेक प्रांतांची माणसे एकत्र काम करीत असतील, तर इंग्रजी सोयीची ठरते. पण आज बहुतेक संगणकभाषांत देवनागरीतही टिप्पणी लिहिता येते. आपण स्वतः शिकत असताना आपला विचार मराठीत स्पष्ट होत असेल, तर तो मराठीत लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. मोडक्या परभाषेतील संदिग्ध ओळीपेक्षा स्वभाषेतील स्वच्छ ओळ अधिक उपयोगी पडते.

समारोप

आज्ञावली लिहिणारा माणूस नोकरी बदलतो, निवृत्त होतो, कधी जगातून जातो. त्याची आज्ञावली मात्र चालू राहते. कधी तो तेथेच असतो, पण वर्षभरानंतर स्वतःच लिहिलेली ओळ त्याला परकी वाटते. यंत्राला ‘कसे’ एवढे सांगितले की पुरते. ‘का’ हे माणसालाच सांगावे लागते. ते सांगण्याची वेळ एकच असते, कारण आपल्या मनात ताजे असते तेव्हाची. तुम्ही कधी आज्ञावली लिहाल किंवा लिहिणार नाही. पण बचतगटाच्या वहीत नोंद करताना, दुकानाचा साठा लिहिताना, आजारी माणसाच्या औषधांची वेळ पुढच्या माणसाला कळवताना हाच विचार तुमच्या उपयोगी पडेल. आकडा लिहून झाला की पेन खाली ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: मी येथे नसेन, तेव्हा हे वाचणाऱ्याला कळेल का?

आपण काय शिकलो?

• टिप्पणी आज्ञावलीच्या आत असते. पण ती यंत्रासाठी नसून वाचणाऱ्या माणसासाठी असते.
• आज्ञेचा पुनरुच्चार म्हणजे टिप्पणी नव्हे. आज्ञेत न दिसणारे कारण, गृहीत किंवा मर्यादा टिप्पणीत सांगावी.
• योग्य नावे आणि सोपी रचना यांमुळे टिप्पणीची गरज कमी होते.
• आज्ञा बदलली की टिप्पणीही तपासावी. जुनी टिप्पणी दिशाभूल करते.
• टिप्पणीची भाषा स्पष्ट, नेमकी आणि सभ्य असावी.

स्वाध्याय

१. ‘आज्ञा काय ते सांगते, का हे टिप्पणीने सांगावे,’ हे विधान पाठातील दोन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.
२. एरियान ५ च्या अपघातात टिप्पणीचा अभाव हे एकमेव कारण होते का? तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
३. टीप, टिप्पणी, टीका, भाष्य, शेरा या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.
४. पुढील नोंदींना कारण सांगणारी एकेक टिप्पणी जोडा.
(अ) दुकान मंगळवारी बंद.
(आ) या महिन्याच्या हप्त्यातून ५० रुपये कमी घेतले.
५. उपक्रम: घरातील किंवा कामाच्या ठिकाणची एखादी जुनी वही पाहा. कारण न कळणाऱ्या तीन नोंदी शोधा. त्या लिहिणाऱ्या व्यक्तीला विचारून प्रत्येकीशेजारी आजची तारीख घालून टिप्पणी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) भाष्य बहुधा दुसरा माणूस नंतरच्या काळात लिहितो. टिप्पणी मूळ लेखकाने लिहितानाच लिहायची असते. (आ) ठरावीक खुणेपुढचा मजकूर वगळला जातो, म्हणून.
२. (अ) लोटस १-२-३ मध्ये तयार झालेले जुने हिशेब बिनचूक उघडावेत, म्हणून. (आ) विशिष्ट संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा मोठी होणार नाही, हे एरियान ४ साठी खरे असलेले गृहीत.